सहलीच्या यादीतून चर्च का गळावं?

शाळेची गोव्याची सहल म्हटलं की यादी ठरलेली. मंगेशी, शांतादुर्गा, जुनं गोवं, दोना पावला, मिरामार. पुण्यातल्या मराठी शाळा वर्षानुवर्षं मुलांना याच वाटेनं नेत आल्या. अलीकडे या यादीतलं एक नाव हळूच गळायला लागलंय. पालकसभेत कोणीतरी विचारतं, "जुन्या गोव्याला काय आहे? चर्चच ना?" शाळा वाद नको म्हणून माघार घेते आणि त्या दोन तासांत वॉटर पार्क बसवला जातो. मी इतिहास शिकवते आणि हे माझ्यासमोर घडलेलं आहे. मला ते अजिबात पटलेलं नाही. जुन्या गोव्यातली चर्चं आणि मठ मराठी मुलांनी पाहिलेच पाहिजेत, आणि त्याची पूर्वतयारी पुण्यात क्वार्टर गेटपाशी असलेल्या जुन्या चर्चमध्ये व्हायला हवी. सर्वधर्मसमभावाचं एक फूल वाहून यावं एवढ्यासाठी मी हे म्हणत नाही. माझं कारण रोकडं आहे. ही ठिकाणं वगळली तर आपलाच इतिहास मुलांच्या हाती अर्धामुर्धा पडतो.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्यायला हवं. त्या सभेत एक वडील उठून म्हणाले, "ज्यांच्यामुळे आपल्या देवांना नदी ओलांडून पळावं लागलं, त्यांच्या दारात आमची मुलं कशाला नेता?" त्यांचं कुलदैवत मंगेशी. आवाज चढलेला नव्हता, पण माणूस दुखावलेला होता. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्यामागचा इतिहास खरा आहे. मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. १५६० साली भाविकांनी लिंग उचलून जुवारीपलीकडे प्रियोळला नेलं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली तीही त्याच दशकात. १५६० सालीच गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं आणि मधली चार वर्षं सोडली तर थेट १८१२ पर्यंत चाललं. ज्या संताचं शव जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चमध्ये चांदीच्या पेटीत ठेवलेलं आहे, त्या फ्रान्सिस झेवियरनं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली होती. तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, इन्क्विझिशन येण्याच्या आठ वर्षं आधी. त्याच्या हातून तो कारभार झाला नाही. पण मागणी त्यानं केली होती, आणि ते मुलांपासून लपवण्याचं काहीच कारण नाही.

हे सगळं मुलांना सांगायचं कुठं, हा खरा प्रश्न आहे. मंगेशीच्या अंगणात आपण दीपमाळ दाखवतो, तळी दाखवतो आणि "देव इथं आणला" असं सांगतो. तो का आणावा लागला, याचं उत्तर फार तर अर्ध्या तासावर, मांडवीच्या काठी उभं आहे. से कॅथेड्रलजवळच्या चौकात इन्क्विझिशनचा वाडा होता. आज त्यातलं काही उरलेलं नाही, नुसती मोकळी जागा आहे. त्या मोकळ्या जागेत उभं राहून मुलांना अडीचशे वर्षांचा तो कारभार सांगितला की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते पुस्तकातला धडा वाचून दिसत नाही. ज्यांना या अन्यायाची चाड आहे, त्यांनी तर जुन्या गोव्याचा आग्रह धरायला हवा. देवळं पाडल्याचा राग मनात बाळगायचा आणि ज्या शहरातून ते हुकूम सुटले ते शहर मात्र मुलांना दाखवायचं नाही, यानं रागालाही अर्थ उरत नाही आणि अभ्यासालाही.

शिवाय हा इतिहास एकरेषी नाही. कवळ्याचं आजचं देऊळ १७३८ चं, शाहू महाराजांच्या काळातलं. त्याचा घुमट पाहा, कमानीच्या खिडक्या पाहा, आतली झुंबरं पाहा. ज्यांच्यामुळे देवीला गाव सोडावं लागलं त्यांचीच बांधणी दीडशे वर्षांत गोव्यातल्या कारागिरांच्या हातात इतकी मुरली, की तिचं नवं घर बांधताना ती आपसूक उतरली. मुलांना आधी चर्च दाखवलं आणि मग कवळ्याला नेलं, तर ही गोष्ट ती स्वतः ओळखतात. बाईंनी सांगावी लागत नाही. उलट क्रमानं नेलं, किंवा चर्च गाळलंच, तर ती खिडकी नुसती खिडकी राहते.

भाषेचंही तसंच. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात, जेझुइट या कॅथलिक पंथाच्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. त्याच पंथाचा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, आयुष्यभर तिथंच राहिला आणि त्यानं मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या, आणि ओवी तीच, ज्ञानदेव-एकनाथांनी वापरलेली. धर्मांतर झालेल्या लोकांकडची पुराणं काढून घेतलेली होती आणि त्या जागी त्यांना काहीतरी हवं होतं, ही त्या ग्रंथामागची गरज. म्हणजे एका हातानं पोथी काढून घेतली आणि दुसऱ्या हातानं इतक्या गोड मराठीत दुसरी दिली. पुढे १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज राजवटीनं लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला. नववीच्या मुलांना हे सगळं पेलत नाही असं म्हणणाऱ्यांनी मुलांना कमी लेखू नये. त्यांना पेलतं. उलट 'चांगले' आणि 'वाईट' असे दोन रकाने करून दिले की त्यांचा कंटाळा सुरू होतो.

या दोन्ही बाजू एकाच मराठी माणसानं लिहून ठेवल्या आहेत, हे आपण विसरलो आहोत. अनंत काकबा प्रियोळकर हे मंगेशीच्याच प्रियोळचे. त्यांनी पाद्र्यांच्या छापखान्याचा इतिहास प्रेमानं आणि बारकाईनं लिहिला, आणि इन्क्विझिशनचा इतिहासही काहीही न झाकता लिहिला. १९५१ च्या कारवारच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्यांच्या गावात परागंदा देव येऊन राहिला, त्या माणसाला या मठांकडे पाठ फिरवावीशी वाटली नाही. त्यांनी तिथली कागदपत्रं उघडून वाचली.

आता मठांविषयी. सहलीच्या बसेस बॉम जेझस आणि से कॅथेड्रल एवढंच करून परततात. माझ्या मते जुन्या गोव्यात मुलांसाठी सगळ्यात मोलाची जागा आहे ती पलीकडच्या टेकडीवर, ऑगस्टिनियन मठाच्या पडक्या भिंतींत. १६०२ च्या सुमारास पूर्ण झालेलं ते चर्च. जांभ्या दगडाचा चार मजली बुरूज सुमारे ४६ मीटर उंच होता, त्यातला अर्धा चिरल्यासारखा अजून उभा आहे. वर छप्पर नाही. पावसाळ्यानंतर गेलं तर भिंतींच्या सांध्यांतून नेचे उगवलेले असतात आणि पायाखाली थडग्यांच्या शिळा. त्यांवर पोर्तुगीज अक्षरं, कुठं घराण्याची ढाल, कुठं कवटी आणि आडवी हाडं. मुलं उकिडवी बसतात आणि अक्षरांवरून बोट फिरवतात, एकमेकांना वाचून दाखवायचा प्रयत्न करतात. एकदा आठवीतल्या एका मुलानं तिथं विचारलं, "बाई, हे कोणी पाडलं? आपण की मुसलमानांनी?"

कोणीच नाही, असं मी सांगितलं आणि त्याला ते पटेना. पण खरं तेच आहे. १८३४ मध्ये लिस्बनमधल्या सरकारनं धार्मिक पंथांचे मठ बंद करण्याचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो गोव्यात लागू झाला. साधूंना मठ सोडावा लागला, मालमत्ता सरकारजमा झाली. छपराची डागडुजी करणारं कोणी उरलं नाही आणि १८४२ मध्ये मधलं कमानी छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत गेली. म्हणजे कॅथलिक देशाच्या सरकारनंच कॅथलिक मठ ओस पाडला आणि उरलेलं काम कोकणच्या पावसानं केलं. इतिहासात प्रत्येक पडक्या भिंतीमागे परधर्मीय सैन्य असतंच असं नाही, हे त्या मुलाला त्या दिवशी समजलं. वर्गात मी ते किती वेळा बोलले असेन, पण तिथं त्याच्या हाताखाली शिळा होती.

त्याच पडक्या मठात जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या. इराणच्या शाह अब्बासनं तिला धर्म बदलायला सांगितलं, तिनं नकार दिला आणि १६२४ मध्ये शिराझला तिचे हाल करून तिला ठार मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष गोव्याला आणले. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाडं मिळाली, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची जनुकीय तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारत सरकारनं त्यांतले काही अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले. बळजबरीच्या धर्मांतराविरुद्ध प्राण देणारी राणी विसावली कुठं, तर इन्क्विझिशनच्या शहरात. असं उदाहरण हाताशी असताना इतिहासाच्या शिक्षकानं ते सोडून वॉटर पार्ककडे बस वळवावी?

शेजारीच सांता मोनिका हा बायकांचा मठ आहे. १६०६ मध्ये काम सुरू झालं. पुरुषांचे मठ बंद झाले तेव्हा इथल्या जोगिणींना मरेपर्यंत राहू दिलं, पण नवी कोणी घ्यायची नाही असं ठरलं. शेवटची १८८५ मध्ये वारली. आता तिथं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे आणि त्यात गोव्याच्या कारागिरांच्या हातची लाकडी, चांदीची कामं नीट मांडलेली आहेत. मुलींना हा मठ फार धरून ठेवतो.

या पडक्या मठावरून परत बॉम जेझसला आलं की एक गोष्ट कळते. ते चर्च उभं आहे, कारण ते वापरात आहे. १६०५ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं आणि आजही तिथं रोज मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते. १९५० च्या दशकात त्याचा बाहेरचा गिलावा काढून टाकला गेला आणि उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पाऊस खातोय. तो गिलावा परत चढवावा अशी मागणी चर्चच्या लोकांनी केली आहे. ज्यांना तिथं रोज गुडघे टेकायचे असतात त्यांना गळती आधी दिसते. म्हणून प्रार्थना म्हणजे पर्यटनातला अडथळा, ही समजूत मला मान्य नाही. जुन्या गोव्याची ही वास्तुसंपदा १९८६ मध्ये जागतिक वारशात गेली. त्यानं पाहुणे वाढले, पण त्या जागेचा पहिला हक्क मेणबत्ती घेऊन आलेल्या बाईचाच आहे.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. आळंदीला समाधीसमोर रांगेत उभं असताना आपण कसे वागतो? डोकं झाकतो, आवाज खाली येतो, म्हातारं माणूस आलं तर पुढं जाऊ देतो. बॉम जेझसमध्येही समाधीच आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नऊ दिवसांचा नोव्हेना आणि ३ डिसेंबरला सण, तेव्हा लोक पायी चालत येतात. दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून दर्शन देतात. गेलं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. आपल्याकडेही श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. मराठी बोलणारी, शेतात राबणारी माणसं लांबून चालत येतात. त्या यात्रेतला आणि वारीतला पायांचा थकवा सारखाच असतो. तरीही आमच्या सहलीतली मुलं, आणि खरं तर मुलांपेक्षा शिक्षक, चर्चच्या दारात शिरताच मोबाइल वर करतात, मोठ्यानं हाका मारतात, बाकांवर चिप्सची पाकिटं उघडतात. हे पाहून मला शरम वाटते. देवळात वागायची रीत जिथं घरात शिकवली जाते, तिथं दुसऱ्याच्या देवघरात वागायची रीत शाळेनं शिकवावी एवढंच मागणं आहे.

"पण हा धर्मप्रचार नाही का?" या शंकेला उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २८ (३) सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतल्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. हा नियम पालकांच्या बाजूचा आहे आणि तो काटेकोर पाळायला हवा. मिस्सेच्या वेळी वर्ग नेऊ नये. कोणाला गुडघे टेकायला, पवित्र पाण्यात बोट बुडवायला सांगू नये. पण धर्मांविषयी शिकवणं आणि धर्मोपदेश करणं यांतला फरक सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्याच्या निकालात मान्य केलेला आहे. चर्चची कमान पाहून मूल ख्रिस्ती होत असेल, तर मंगेशीचा कळस पाहून ख्रिस्ती मूल हिंदू व्हायला हवं. आमच्या वर्गांतली ख्रिस्ती मुलं वर्षानुवर्षं मंगेशीला येत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी कधी पालकसभेत हात वर केल्याचं मला आठवत नाही.

गोवा साडेचारशे किलोमीटरवर. पण हा विषय समजून घ्यायला पुण्यात पीएमपीचं तिकीट पुरतं. नाना पेठेत क्वार्टर गेटपाशी जे सिटी चर्च आहे, त्याची जागा १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक सैनिक आणि अधिकारी होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. आजची इमारत १८५२ ची. आता याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवून पाहा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आहे, एक मेणवलीला, आणि मेणवलीच्या घंटेवर तर मरियेची आणि बाळ येशूची आकृती आहे. चिमाजी आप्पा म्हणजे सवाई माधवरावांच्या पणजोबांचे भाऊ. ज्या घराण्यानं वसईच्या घंटा उतरवल्या, त्याच घराण्यानं ५३ वर्षांनी पुण्यात चर्चला जमीन दिली. पेशव्यांना यात काही विसंगत वाटलं नाही. लढाई पोर्तुगीज सत्तेशी होती, पदरी चाकरी करणारा ख्रिस्ती शिपाई आपला होता. हा फरक त्यांना कळत होता आणि आमच्या पालकसभेला कळू नये, याचं मला वाईट वाटतं.

शनिवारवाडा पाहायला येणाऱ्या किती वर्गांना शिक्षक क्वार्टर गेटला नेतात? मी काही तुकड्या नेल्या आहेत. एका खेपेला वर्गातल्याच एका मुलीनं बाकीच्यांना वेदी, कबुलीजबाबाची खोली, बाप्तिस्म्याचं कुंड सगळं दाखवलं. तिचं घर मूळचं नगर जिल्ह्यातलं, घरची भाषा मराठी. तोपर्यंत ती रविवारी कुठं जाते हे तिच्या शेजारी बसणारीलाही माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं आणि तिलाही आपणहून सांगावंसं वाटलं नव्हतं. मधल्या सुटीत मुलींनी तिला इतके प्रश्न विचारले की तिचा डबा तसाच राहिला.

चर्चच्या कारभाऱ्यांनाही माझं काही सांगणं आहे. पुण्यातल्या जुन्या चर्चमध्ये पाहुण्यानं कधी यावं याची वेळ बाहेर लावलेली असावी, आणि इमारतीची माहिती मराठीत, एका पानात, मागितल्यावर मिळावी. त्यात पेशव्यांच्या देणगीचा उल्लेख ठळक हवा. जुन्या गोव्यातही शवपेटीची कथा जितक्या तपशिलानं सांगितली जाते, तितक्याच सरळपणे पाडलेल्या देवळांची आणि इन्क्विझिशनची हकिगत सांगावी. चारशे वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यांचा जाब आजच्या गोव्यातल्या भाविकांकडे कोणी मागू नये, आणि त्यांनीही तो इतिहास सांगताना संकोचू नये. अनोळखी गटांसाठी दार उघडायला त्यांना भीती वाटते हे मी जाणते, आणि आजच्या दिवसांत ती अनाठायी नाही. म्हणून शाळेनं आधी पत्र पाठवावं, किती मुलं, कोण शिक्षक, किती वेळ, हे कळवावं आणि दिलेल्या वेळेलाच हजर व्हावं.

सहलीची संमतीपत्रं दिवाळीच्या सुटीनंतर निघतात. त्यात जुन्या गोव्याचं नाव स्पष्ट लिहावं: ऑगस्टिनियन मठ, सांता मोनिका, बॉम जेझस, प्रत्येक ठिकाणी काय शिकवणार ते दोन ओळींत. ज्यांना मूल पाठवायचं नाही त्यांच्यासाठी त्या वेळात दुसरी सोय करावी आणि त्यांना कारण विचारू नये. ३ डिसेंबरच्या आसपासची गर्दीची तारीख टाळावी, सकाळची मिस्सा संपल्यावर आत जावं. मंगेशी आणि कवळे दुपारनंतर करावं, म्हणजे मुलं त्या खिडक्यांपाशी थांबतील.